गेटवरचा कॅमेरा आपलीच माणसं ओळखेनासा होतो तेव्हा

चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलची तक्रार सगळीकडून जवळपास त्याच शब्दांत येते. "बसवलं तेव्हा झकास चालत होतं, आता अर्ध्या लोकांना अनोळखी दाखवतंय." वाळूजचा कारखाना असो, जालन्याची रोलिंग मिल असो, लातूरच्या मोंढ्यातली आडत असो, नाहीतर नांदेडातलं कापडाचं दुकान. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "सॉफ्टवेअरच बेकार दिसतंय, दुसरं घ्यावं म्हणतो." मग दुसरं सॉफ्टवेअर येतं, थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

सॉफ्टवेअर बदलण्याआधी त्याच्यापुढे कसला चेहरा जातोय ते बघा. नोंदींच्या यादीत प्रत्येक ओळीशेजारी कॅमेऱ्याने कापून घेतलेला चेहऱ्याचा छोटा फोटो असतो. ज्यांना ओळखलं गेलं नाही त्यांचे वीसेक फोटो उघडून मोठे करा आणि रोज त्या माणसांना पाहणाऱ्या गेटमनला दाखवा. त्यालाही माणूस ओळखता येत नसेल तर बिघाड गेटवर आहे: उजेडात, उंचीत, लेन्समध्ये, नाहीतर तोंडाला बांधलेल्या दस्तीत. गेटमन पटकन नाव सांगतो आणि यंत्र सांगत नाही, तर बिघाड नोंदणीच्या फोटोत किंवा सेटिंगमध्ये आहे. आणि फोटोच निघालेला नसेल, म्हणजे माणूस गेला पण यादीत त्याची ओळच नाही, तर कॅमेऱ्याला चेहरा सापडलाच नाही किंवा नोंद वाटेत हरवली.

या तीन फांद्या वेगळ्या करण्यासाठी एका पाळीपुरती कागदी वही ठेवा. गेटमनने आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहायची, बस. पाळी सुरू झाल्यावर वही आणि यंत्राची यादी शेजारी ठेवली की किती आले, किती टिपले गेले, किती जुळले, किती भलत्या नावावर गेले हे स्पष्ट दिसतं. "अर्धे लोक ओळखत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा सगळा घोळ सकाळच्या पंधरा मिनिटांचा निघतो, किंवा एकाच ठेकेदाराच्या माणसांचा.

एवढा खटाटोप करायचं कारण आहे. आपल्याकडे चेहऱ्याची हजेरी आली ती अंगठ्याच्या मशीनला कंटाळून. हमाल, गवंडी, जिनिंगवर काम करणाऱ्या बाया, भट्टीवरची माणसं यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. अंगठा दहा वेळा दाबला तरी लागत नाही. चेहरा हा त्यावरचा उपाय म्हणून आला. आता चेहराही लागला नाही तर रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो, आणि त्या दिवसाची मजुरी मागायला त्याला मुकादमाच्या मागे फिरावं लागतं. म्हणून दुरुस्ती चालू असेपर्यंत पहिली सूचना हीच द्या: यंत्राने ओळखलं नाही म्हणून कुणाचाही खाडा मांडायचा नाही, वहीतली नोंद ग्राह्य धरायची.

आहे त्याच कॅमेऱ्यात बसवून द्या

मालकांची अपेक्षा साधी असते. कॅमेरे लावलेलेच आहेत, त्यांतच चेहरा ओळखायची सोय घालून द्या. बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच आहे. पाळतीचा कॅमेरा सगळं आवार दिसावं म्हणून उंचावर आणि रुंद लेन्सचा लावलेला असतो. चेहरा ओळखायला नेमकं उलटं लागतं.

हिशोब मांडून बघा. २.८ मि.मी. लेन्सचा कॅमेरा साधारण १०० अंशांचा पसारा पाहतो. पाच मीटरवर तो पसारा जवळपास १२ मीटर रुंद होतो. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे मीटरला १६० पिक्सेल आले. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला आले पंचवीस-सव्वीस पिक्सेल. एवढ्यात डोळे कुठे आणि भुवया कुठे हेच कळत नाही. पाळत कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६२६७६-४ मध्ये, माणसाची ओळख पटवण्यासाठी मीटरला २५० पिक्सेल सांगितले आहेत, तेही पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी. यंत्राकडून काम घ्यायचं तर मी मीटरला ५०० च्या खाली जात नाही. म्हणजे चेहऱ्याला ८० पिक्सेल.

आता त्याच जागी ६ मि.मी. लेन्स धरा. पसारा साधारण ५० अंशांचा होतो आणि त्याच पाच मीटरवर चेहऱ्याला साठ-पासष्ट पिक्सेल मिळतात. १२ मि.मी. धरली तर १४० च्या आसपास. मात्र १२ मि.मी. लेन्सला पाच मीटरवर जेमतेम सव्वादोन मीटरची पट्टी दिसते, म्हणून माणसं त्या पट्टीतूनच यायला हवीत. दोन बाजूंना पाइपचे कठडे टाकून चालत येणाऱ्यांची वाट अरुंद करावी लागते. मोटारसायकलवरून सुसाट आत शिरणाऱ्या माणसाचा हेल्मेटमधला चेहरा कुठलंही यंत्र ओळखणार नाही. गाडी स्टँडला लावून पायी हजेरीच्या वाटेने यायची सवय लावावीच लागते.

उंचीचंही तसंच. कॅमेरा चार मीटरवर टांगला आणि माणूस तीन मीटरवर आला, तर कॅमेरा त्याच्याकडे जवळजवळ ४० अंश वाकून बघतो. फोटोत कपाळ, टोपी आणि नाकाचं टोक येतं. तोच कॅमेरा २.४ मीटरवर आणला आणि चार मीटरवर चेहरा टिपला, तर कोन १२ अंशांच्या आसपास राहतो. पंधरा अंशांच्या आत ठेवा. "खाली लावला तर कुणी फोडेल" असं मालक म्हणतात; त्यासाठी जाळीचं मजबूत कव्हर मिळतं, आणि वरचा जुना कॅमेरा तर तिथेच राहणार आहे.

लेन्स आणि उंची दोन्ही ठीक असून फोटो धूसर येत असेल, तर दोन जागा तपासा. पहिली म्हणजे स्ट्रीम. बहुतेक कॅमेरे दोन चित्रं पाठवतात, एक मोठं आणि एक छोटं. मोबाइलवर पटकन दिसावं म्हणून छोटं बहुधा ६४० पिक्सेल रुंदीचं ठेवलेलं असतं. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडताना घाईत छोटी स्ट्रीम दिली जाते, आणि मग चार मेगापिक्सेलचा महागडा कॅमेरा घेऊनही सॉफ्टवेअरला चेहऱ्याचे वीस-बावीस पिक्सेलच मिळतात. पडद्यावर मालकाला मोठं, छान चित्र दिसत असतं, त्यामुळे ही चूक महिनोन्महिने लपून राहते. सॉफ्टवेअरमध्ये जाऊन स्ट्रीमचा पत्ता स्वतः वाचा.

दुसरी जागा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी वापरला जाणारा डेटा. महिनाभराचं रेकॉर्डिंग त्याच हार्ड डिस्कवर बसावं म्हणून कुणीतरी बिटरेट खाली ओढतं किंवा स्मार्ट कोडेक, म्हणजे जागा वाचवायला चित्र आणखी दाबणारी सोय, चालू करतं. उभी भिंत छान दिसते, पण हलणारी माणसं मेणासारखी वितळलेली येतात. गेटच्या एका कॅमेऱ्यापुरता तरी स्मार्ट कोडेक बंद करा आणि चार मेगापिक्सेलला चार ते सहा एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) द्या. बाकीचे कॅमेरे हवे तसे राहू द्या.

शटरचंही, म्हणजे एक चित्र टिपायला लागणाऱ्या वेळाचंही, बघून घ्या. ऑटोवर सोडलं की कमी उजेडात ते १/२५ सेकंदावर जातं, आणि तेवढ्यात चालणारा माणूस पाचएक सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. उजेड पुरेसा असेल तर १/२०० ठेवा. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकत असेल तर १/१०० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिथे लुकलुकणं थांबतं.

पावसाळ्यात चाललं, हिवाळ्यात बिघडलं

हा प्रकार मराठवाड्यात मला सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दल आहेत.

गेट पूर्वेला उघडतं. कॅमेरा आतून बाहेर, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसवलेला. सकाळी सातच्या पाळीला माणसं आत येतात तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीशी आणि कॅमेऱ्याच्या थेट डोळ्यात असतो. मागचं आभाळ पांढरंफेक आणि चेहरे काळे. बसवायचं काम जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवेत झालेलं असेल तर हे कळतच नाही. दिवाळीनंतर आकाश मोकळं होतं आणि तक्रारी सुरू होतात. शिवाय सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही. आपल्या अक्षांशावर जूनमधली उगवती आणि डिसेंबरमधली उगवती यांत सुमारे ५० अंशांचा फरक पडतो. ऑगस्टमध्ये गेटच्या खांबाआड लपणारा सूर्य जानेवारीत बरोबर कमानीच्या मधोमध येऊ शकतो. पश्चिमेच्या गेटला हीच कथा संध्याकाळच्या सुटीला.

तपासायला सोपं आहे. ओळख न पटलेल्या नोंदी वेळेनुसार लावा. सगळ्या सकाळी सात ते साडेसातमधल्या असतील आणि फोटोत चेहरे काळवंडलेले असतील, तर दुसरं काही शोधू नका.

उपाय करताना लोक आधी ब्राइटनेस वाढवतात. त्याने काळा चेहरा करडा होतो, ओळखू येत नाही. डब्ल्यूडीआर, म्हणजे एकाच चित्रातला प्रखर उजेड आणि गडद सावली दोन्ही सांभाळणारी सोय, चालू करा. १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा असेल तर बराच फरक पडतो. पण तो शेवटपर्यंत ताणू नका, कारण हलणाऱ्या माणसाच्या कडेला भुताटकीसारखी दुसरी सावली उमटू लागते. कॅमेऱ्यात चेहऱ्यावरून उजेड मोजायची सोय असेल तर ती वापरा. हे सगळं करूनही भागत नसेल, आणि थेट सूर्यासमोर बहुधा भागत नाही, तर ओळखायची जागाच गेटवरून उचला. गेटपासून आठ-दहा मीटर आत पत्र्याची शेड टाका, हजेरीची वाट तिथून न्या, कॅमेरा अशा बाजूला लावा की माणसांच्या पाठीमागे आभाळ न येता भिंत येईल, आणि समोरून, डोळे दिपणार नाहीत असा, एक पांढरा दिवा द्या. नवं सॉफ्टवेअर घ्यायला जितका खर्च येतो त्यापेक्षा शेड स्वस्त पडते आणि बारा महिने टिकते.

शेडचा दुसरा फायदा उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. भिंतीवर उन्हात लावलेल्या काळ्या डब्याच्या आत त्याहून कितीतरी जास्त उष्णता साठते. चेहऱ्याची हजेरी घेणाऱ्या छोट्या पडद्याच्या यंत्रांपैकी पुष्कळशी फक्त सावलीसाठी बनवलेली असतात. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान यंत्र मंदावतं, अडकतं, स्वतःच बंद-चालू होतं आणि संध्याकाळी आपोआप सुधारतं. दुपारच्या पाळीच्याच तक्रारी असतील तर यंत्राला हात लावून बघा.

दस्ती, हेल्मेट, स्कार्फ

मार्च उजाडला की माणसं डोकं-तोंड झाकूनच घराबाहेर पडतात. डोक्याला रुमाल, तोंडाला दस्ती, मुलींच्या चेहऱ्यावर स्कार्फ, बायांचा पदर डोक्यावरून ओढलेला. डाळ मिलमध्ये आणि जिनिंगमध्ये तर धूळ आणि कापसाचे तंतू नाकात जाऊ नयेत म्हणून कापड बांधणं गरजेचंच आहे.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने जुलै २०२० मध्ये मास्क घातलेल्या चेहऱ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. कोविडच्या आधी बनवलेल्या, एरवी चांगल्या चालणाऱ्या प्रणालींचं चुकण्याचं प्रमाण त्यात ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि नाक जितकं जास्त झाकलं तितकी चूक वाढली. नंतरच्या प्रणाली मास्कसाठी शिकवलेल्या आहेत, त्या सुधारल्या. पण दस्ती हा मास्क नव्हे. ती डोळ्यांच्या खालच्या कडेपर्यंत येते, वरून रुमाल भुवयांपर्यंत येतो, आणि मधे उरते दोन बोटांची फट. त्या फटीवरून नाव सांगणारं यंत्र मला नको, कारण ते कुणाचंही नाव सांगेल.

इथे सेटिंगने काही होत नाही, वाट आखूनच होतं. हजेरीची जागा अशी निवडा जिथे माणूस तसंही कापड सोडतो: पाण्याच्या टाकीजवळ, कपडे बदलायच्या खोलीच्या बाहेर, टाइम ऑफिसच्या सावलीत. जालन्याच्या मिलमध्ये भट्टीच्या भागात हेल्मेट आणि गॉगल काढायला कधीही सांगू नका. ओळख त्याच्या अलीकडे, साधनं अंगावर चढवण्याआधी होऊ द्या. कॅमेऱ्याखाली मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लावा, "तोंडावरची दस्ती खाली घेऊन क्षणभर समोर बघा". ठेकेदाराची माणसं बिहार-झारखंडकडची असतील तर हिंदीतही लावा. आणि जिला चेहरा उघडायचा नाही तिच्यासाठी कार्डाची सोय हवीच. गेटमनने बाईमाणसाला पदर बाजूला करायला फर्मावणं ही व्यवस्था म्हणून चालणार नाही, मग यंत्र कितीही चांगलं असो.

अंधार पडल्यावर

रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर जातो, चित्र काळं-पांढरं होतं, आणि जवळ आलेला चेहरा चुन्यासारखा पांढरा दिसतो. गेटवर चांगला पांढरा दिवा लावून कॅमेरा रंगीतच ठेवला की हा प्रश्न बहुतेक मिटतो. काचेवर कोळ्याचं जाळं नाही ना तेही बघा. इन्फ्रारेडभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि दिवसा न दिसणारं जाळं रात्री झगझगतं. काच कोरड्या मऊ कापडाने पुसा, तेलकट फडक्याने नको.

दिवसा नीट आणि दिवे लागणीनंतर कॅमेरा दर थोड्या वेळाने बंद-चालू होत असेल तर केबल तपासा. इन्फ्रारेड पेटला की कॅमेरा जास्त करंट ओढतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांबवर टाकलेली असेल तर शेवटाला व्होल्टेज पुरत नाही. शुद्ध तांब्याची केबल टाका आणि नेटवर्क केबल १०० मीटरच्या आत ठेवा.

नोंदणीचे फोटो

गेटमनला ओळखू येतो पण यंत्राला नाही, अशा वेळी कार्यालयातल्या माणसाला विचारा, नोंदणीचे फोटो कुठून आणले? उत्तर बहुधा दोनांपैकी एक असतं: आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून मोबाइलने काढले, नाहीतर व्हॉट्सॲपवर मागवले. आधारवरचा फोटो कित्येक वर्षांपूर्वीचा असतो आणि झेरॉक्समध्ये त्याचा डाग झालेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, आणि हल्ली वर ब्युटी फिल्टरही असतो.

नोंदणी त्याच कॅमेऱ्यासमोर, त्याच उजेडात करा. प्रत्येकाचे तीन ते पाच फोटो घ्या: सरळ, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, चष्मा असेल तर चष्म्यासह, टोपी रोज घालत असेल तर टोपीसह. श्रावणात दाढी न करणारे पुष्कळ असतात. त्यांचा जुळणीचा गुण थोडा घसरतो, म्हणून महिनाभराने एक फोटो वाढवा. शंभर माणसांच्या नोंदणीला एक सकाळ पुरे होते.

काही यंत्रांत ओळख पटली की ताजा फोटो आपोआप खात्यात जोडायची सोय असते. ती बंद ठेवा. एकदा चुकून रामच्या खात्यात शामचा चेहरा जुळला की तो तिथे साठतो, पुढच्या वेळी अधिक खात्रीने जुळतो, आणि महिन्याभरात दोघांची हजेरी एकमेकांत मिसळते. "आधी बरोबर ओळखायचं, आता या दोघांतच गोंधळ करतं" अशी तक्रार असेल तर आधी त्या दोन खात्यांत साठलेले फोटो उघडून बघा.

भलत्याचंच नाव

न ओळखण्यापेक्षा चुकीचं ओळखणं जास्त घातक आहे, आणि पहिली तक्रार मिटवायच्या घाईत माणसं दुसरी ओढवून घेतात. अनोळखी फार येतात म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे नाव सांगायला लागणारा जुळणीचा किमान गुण, ८५ वरून ७० वर आणला जातो. तक्रारी थांबतात. मालक खूश. पण आता यंत्र खात्री नसतानाही नाव सांगतंय.

तो आकडा म्हणजे "८० टक्के खात्री" नव्हे. यंत्र प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक लांब रांग बनवतं, आणि दोन रांगा किती जवळ आहेत त्याचा तो गुण असतो. एका कंपनीचा ८० आणि दुसरीचा ८० यांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून शेजारच्या कारखान्यातला आकडा उचलून आपल्याकडे घालू नका.

आणखी एक हिशोब मालकासमोर कागदावर मांडावा असा आहे. यादीत ५०० चेहरे आहेत. दिवसभरात ८०० वेळा कुणी ना कुणी गेटमधून जातं. प्रत्येक वेळी त्या चेहऱ्याची पाचशेंशी तुलना होते, म्हणजे दिवसाला ४ लाख तुलना. दोन वेगळी माणसं एक समजण्याची चूक दहा हजार तुलनांत एकदाच होते असं धरलं, तरी दिवसाला अशा ४० चुका निघतात. यादीतला माणूस असेल तर त्याचा स्वतःचा फोटो बहुधा वर येतो आणि चूक झाकली जाते. बाहेरचा माणूस आला, ट्रकचा ड्रायव्हर, माल बघायला आलेला व्यापारी, की ती उघडी पडते. निस्टच्याच डिसेंबर २०१९ च्या अहवालात, भलत्याशी जुळवण्याची चूक पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत जास्त होते असं दिसलं होतं. प्रणालीनुसार फरक मोठा पडतो, म्हणून विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर न विसंबता आपल्या गेटवर, आपल्या माणसांवर आठवडाभर चाचणी घेऊनच यंत्र स्वीकारा.

हजेरीच्या गेटवर चूक झाली तर ती सुधारता येते. दुकानात चोरीच्या संशयितांची यादी लावली असेल तर चूक थेट माणसाच्या अब्रूवर जाते. नांदेडमधल्या एका दुकानात असंच पाहिलं: सणाची गर्दी, पडद्यावर लाल चौकट, आणि पहारेकऱ्याने एका गिऱ्हाईक बाईंना सगळ्यांदेखत थांबवलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुणालाही कळलं असतं की या वेगळ्या आहेत; जुना फोटो छतावरच्या कॅमेऱ्याचा, डोक्यावर पदर, अर्धा चेहरा. त्या बाई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने असेच गिऱ्हाइकांना चुकीने चोर ठरवले, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पाच वर्षं पाळतीसाठी चेहरा ओळख वापरायला मनाई केली. कमिशनने जे दोष दाखवले त्यांत धूसर फोटो यादीत घालणं आणि यंत्र किती चुकतंय हे न तपासणं हे दोन होते. आपल्याकडच्या दुकानांत आज नेमकं हेच चाललंय.

म्हणून अशी यादी लावायचीच असेल तर तिचा थ्रेशोल्ड हजेरीपेक्षा चढा ठेवा. इशारा पहारेकऱ्याच्या मोबाइलवर न जाता मालकाकडे किंवा व्यवस्थापकाकडे जाऊ द्या. त्याने दोन्ही फोटो शेजारी बघायचे, शंका असेल तर सोडून द्यायचं, आणि खात्री वाटली तरी फक्त लक्ष ठेवायचं. निव्वळ यंत्राने सांगितलं म्हणून कुणाचा हात धरायचा नाही, पिशवी तपासायची नाही. धूसर फोटो त्या यादीत घालूच नका.

नोंद गायब, वेळ चुकीची

लाइट गेली, परत आली, आणि हजेरीत १ जानेवारी १९७० ही तारीख दिसू लागली, तर कॅमेऱ्याचं घड्याळ मूळ जागी गेलंय. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, चालू करा, सगळ्या उपकरणांना एकच एनटीपी पत्ता द्या, टाइम झोन साडेपाच तासांचा आहे का बघा, आणि एनव्हीआरमधला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातला, नाण्याएवढा सेल बदला. कॅमेरा, नेटवर्क स्विच आणि एनव्हीआर हे तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत; फक्त एनव्हीआर इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही. इंटरनेट गेलं असता नोंदी यंत्रातच साठतात आणि नंतर वर जातात की पुसल्या जातात, हे मुद्दाम वायर काढून तपासा.

यादी वाढत गेली की

शेवटचं कारण सगळ्यात दुर्लक्षित आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. हंगामी माणसं निघून जातात, चेहरे यादीत राहतात. पुढच्या हंगामात नवे भरतात, जुने तसेच. जिनिंगचं तेच, कोल्ड स्टोरेजचं तेच, ठेकेदार बदलला की बांधकामावरही तेच. ५०० ची यादी १५०० ची झाली की वरच्या हिशोबातल्या तुलना तिप्पट होतात आणि भलत्याशी जुळण्याच्या चुकाही त्याच पटीत वाढतात. यंत्र जुनं झालं म्हणून बिघडलं असं वाटतं, खरं तर त्याच्यावर गेलेल्या माणसांचं ओझं असतं.

कायद्याची बाजूही इथेच येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या तेव्हापासून १८ महिन्यांनी लागू होतात. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेलं नसेल, तर ती पुसायची हे त्यातलं मूळ तत्त्व आहे. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लातूरच्या कोचिंग क्लासवाल्यांनी विशेष काळजी घ्यावी: १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हा कायद्यातला मूळ नियम आहे, आणि क्लासमधली बहुतेक मुलं त्याच वयाची असतात. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. चेहऱ्यांची फाइल कुणाच्या पेनड्राइव्हमधून बाहेर गेली तर त्या माणसाकडे कसलाच उपाय उरत नाही. एनव्हीआरचा मूळ पासवर्ड अजून तसाच असेल तर आजच बदला.

हिशोब चुकता करून माणूस गेला की त्याच दिवशी टाइम ऑफिसने त्याचं खातं बंद करायचं आणि चेहऱ्याची नोंद पुसायची, असा नियम घाला. हजेरीपट आणि पगाराचे कागद कायद्याने जेवढे दिवस ठेवावे लागतात तेवढे ठेवा, त्यांना चेहऱ्याची गरज नसते. यादी पुसताना बॅकअपमधली प्रत आणि कार्यालयातल्या संगणकावरचं नोंदणी फोटोंचं फोल्डरही पुसा, कारण यंत्र बदललं की तेच जुनं फोल्डर पुन्हा नव्या यंत्रात भरलं जातं.